डीजेच्या बेसवर दुआ लिपा: 'फ्यूचर नॉस्टॅल्जिया' गावात वाजवून पाहिला

पऱ्हाटीवाला

रामराम मंडळी. मी एरवी शेती विभागात पडीक असतो. बोंडअळीच्या धाग्यावर काहींनी माझं डोकं खाल्लंय, काहींचं मी. संगीत विभागात पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

माझे धंदे दोन. आर्वी तालुक्यात चार एकर कपाशी-तूर, आणि लग्नसराईत डीजे. डीजे काही मोठा नाही. अठरा इंची चार बेस (जाड आवाजाचे स्पीकर), दोन टॉप (बारीक आवाजाचे), दोन अँप्लिफायर, मिक्सर, लॅपटॉप, भाड्याचा जनरेटर आणि हे सगळं वाहणारा छोटा हत्ती. मागच्या महिन्यात दोन बेसच्या कॉईल, म्हणजे स्पीकरच्या आतलं तारेचं वेटोळं, जळाल्या (कशा, ते खाली सांगतो, चूक माझीच). अमरावतीहून रिकोन करून आणले, घरामागच्या खळ्यात जोडले आणि चाचणीला माझं नेहमीचं गाणं लावलं, दुआ लिपा या इंग्रजी पॉप गायिकेचं 'डोन्ट स्टार्ट नाऊ'.

या गाण्यात मधेच काउबेल वाजते. काउबेल म्हणजे मुळात जनावराच्या गळ्यातली घंटी, तिचंच वाद्य झालेलं. शेजारचे काका गोठ्यातून लगबगीनं बाहेर आले. "बैल सुटला का रे?" बैल जागच्या जागी कडबा खात होता. काकांनी एकदा बैलाकडे पाह्यलं, एकदा स्पीकरकडे, आणि म्हणाले, "हे घंटी एवढी साफ कशी आयकू येऊन राह्यली? तुह्या बाकीच्या गान्यात तं नुसता धुराया असते."

या एका वाक्यासाठी धागा काढलाय.

हे गाणं तिच्या 'फ्यूचर नॉस्टॅल्जिया' अल्बममधलं. हा अल्बम मी पहिल्यांदा ऐकला २०२० मध्ये. पुण्याला ऑडिओच्या दुकानात कामाला होतो. दुकान बंद झालं, तशी बॅग उचलून गावी आलो, आणि २५ मार्चला लॉकडाऊन लागला. अल्बम ३ एप्रिलला यायचा होता, पण आधीच इंटरनेटवर फुटला म्हणून बाईनं २७ मार्चलाच काढून टाकला. जगातले सगळे डान्स क्लब कुलूपबंद, आणि हिचा नाचायचा अल्बम बाजारात! गावात नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीवर. तिथं बसून मोबाईलच्या स्पीकरवर अकराही गाणी ऐकली. सगळी मिळून सदतीस मिनिटं. म्हटलं, ठीक आहे, बरा आहे. आणि हरभरा काढायला गेलो.

पुढे दोन वर्षांनी स्वतःचे बेस घेतले तेव्हा हाच अल्बम त्यांच्यावर लावला आणि चाट पडलो. मोबाईलच्या स्पीकरमधून दोनशे-तीनशे हर्ट्झच्या खालचं काही नीट निघतच नाही. बेस गिटारची सगळ्यात जाड तार सुरू होते ४१ हर्ट्झला. म्हणजे टाकीवर बसून मी गाणं ऐकलंच नव्हतं, गाण्याचं वरचं पत्र्याचं छप्पर ऐकलं होतं. या अल्बमात खरं गाणं तर बेस गातो. बाई त्याच्यावर बोलल्यासारखी गाते.

आता कॉईल कशा जळाल्या ते. वरातीत गाणं वाजत होतं आपल्याकडचं नेहमीचं रिमिक्स. त्यात ढोल, त्यावर ताशा, त्यावर सायरन, त्यावर डीजेचं नाव ओरडणारा माणूस, सगळं एकदम. पोरं म्हणत होती, "आवाज नाही येऊन राह्यला, वाढव!" मी वाढवला. अँपचा लाल दिवा (आवाज झेपत नाही याची खूण) तासभर पेटलेला. आवाज वाढला नाही, फाटला, आणि दोन कॉईल गेल्या. 'डोन्ट स्टार्ट नाऊ' मी त्याच्या अर्ध्या व्हॉल्यूमवर लावतो आणि पोटात जास्त बसतं. असं का होतं ते कोणी जाणकारानं सांगावं. आणि दुसरं, हा अल्बम वरातीत चालेल का? कोणी वाजवून पाह्यलाय का?

खारवडी

पहिला प्रतिसाद माझा. नाव वाचून मले वाटलं गावातल्या बाया आंगन सारवाले बलावून राह्यल्या. "दुआ, लिपा!"

पऱ्हाटीवाला

😂 खारवडी भाऊ, आमच्या मायनंही हेच विचारलं होतं. आईवडील कोसोवोचे, अल्बेनियन भाषा बोलणारे. त्या भाषेत 'दुआ' म्हणजे प्रेम. पोरगी जन्मली लंडनला, १९९५ मध्ये. बाप कोसोवोतल्या रॉक बँडमध्ये गायचा. ती अकरा-बारा वर्षांची असताना घर परत कोसोवोत, प्रिस्टिनाला गेलं आणि पंधराव्या वर्षी ही एकटी लंडनला परतली, गायिका व्हायचं म्हणून.

ऑर्गनवाला

मी वडशाचा. झाडीपट्टीच्या नाटकांत अठरा-एकोणीस वर्षं ऑर्गन वाजवला, आता कीबोर्डही वाजवतो. दिवाळी झाली की आमचा हंगाम लागते तो उन्हाळ्यापर्यंत, रात्र रात्र नाटक. त्यामुळे पऱ्हाटीवाल्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, आणि ते दुआ लिपानं नाही, आमच्या तबलजीनं शिकवलं.

नाटकात गायक, ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड असे चौघं असतो. नवीन पोरगा ऑक्टोपॅडवर बसला की सगळीकडे वाजवते. गायकाच्या ओळीवरही वाजवते. आमचे जुने तबलजी त्याला म्हणत, "अरे बाबू, तो श्वास घेते तेव्हा भर ना. तो बोलते तेव्हा कायले भरतो?" एवढंच गुपित आहे जी.

'डोन्ट स्टार्ट नाऊ' नीट ऐका. मिनिटाला १२४ ठोके. किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका, प्रत्येक मात्रेवर सारखी पडते, एक-दोन-तीन-चार, डिझेल इंजिनासारखी. आता बेस गिटार पाहा. तो किकच्या डोक्यावर बसत नाही. किक पडून गेली की तिच्या मागच्या फटीतून निघते, दोन-चार सूर बोलते आणि पुढची किक यायच्या आत बाजूला होते. दोघंही खालच्या पट्टीतले, म्हणजे एकाच दारातून जाणारे. एकाच वेळी घुसले तर दारात अडकतात. तुमचा लाल दिवा म्हणजे तेच अडकणं. इथं ते पाळीनं जातात. म्हणून अँपवर ताण कमी, आणि स्पीकरचा कागद पूर्ण पुढे-मागे हलाले मोकळा. स्टुडिओत याच्यासाठी साईडचेन नावाची सोय असते. किक आली की बाकीचा आवाज क्षणभर आपोआप दबते. पण साईडचेन नंतरची गोष्ट. आधी वाजवणाऱ्यानं जागा सोडली पाहिजे.

काकांना घंटी साफ ऐकू आली, कारण तिच्या वेळेला तिच्या उंचीवर दुसरं कोणी नव्हतं.

पऱ्हाटीवाला

ऑर्गनवाले जी, हे छापून छोटा हत्तीच्या काचेवर लावतो.

संत्रा_बर्फी

काय बे, एवढं कौतुक! मी नागपूरचा, गाव काटोलकडे. अल्बम वाईट नाही, पण यात नवीन काय आहे ते सांगा ना. 'ब्रेक माय हार्ट'मधली चाल ऑस्ट्रेलियाच्या इनएक्सएस बँडच्या १९८७ च्या 'नीड यू टुनाइट'वरची. 'फिजिकल'ची मुख्य ओळ ऐकली की ऑलिव्हिया न्यूटन-जॉनचं १९८१ चं त्याच नावाचं गाणं आठवतं, जे अमेरिकेत दहा आठवडे पहिल्या नंबरावर होतं. 'लव्ह अगेन'मधला ट्रम्पेट १९३२ चा. उधारीचं बियाणं पेरून पीक आपल्या नावावर. हेच आपल्या संगीतकारानं केलं असतं तर तुम्हीच चोर म्हणून बोंबलला असता.

आणि हो, 'लेव्हिटेटिंग'वर तर कोर्टात केस झाली होती.

ऑर्गनवाला

संत्राभाऊ, केस झाली तशी तिचा निकालही लागला. १९७९ आणि १९८० च्या दोन गाण्यांच्या मालकांनी दावा लावला होता. २०२५ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टानं तो फेटाळला. एका सुरावर भरभर शब्द म्हणत उतरत यायचं, एवढ्या सार्वजनिक गोष्टीवर कोणाची मालकी नसते. तसं नसतं तर भैरवीचा सातबारा कोणाच्या नावानं काढला असता?

बाकी 'ब्रेक माय हार्ट'मध्ये इनएक्सएसवाल्यांची नावं गीतकारांत रीतसर दिलेली आहेत. चोर नाव देऊन चोरी करत नाही. अल्बमचं नावच पाहा ना. नॉस्टॅल्जिया तर पाटीवरच लिहिलाय.

दूरची_बस

त्या १९३२ च्या ट्रम्पेटबद्दल थोडं सांगतो, कारण संत्रा_बर्फी यांनी एका वाक्यात गुंडाळलंय आणि गोष्ट गुंडाळण्यासारखी नाही.

मूळ तबकडी लंडनच्या ल्यू स्टोन यांच्या बँडची, गायक अल बोवली, गाणं 'माय वुमन'. साठ-पासष्ट वर्षं ते गाणं पडून होतं. मग ज्योती मिश्रा नावाच्या माणसानं त्यातला ट्रम्पेटचा तुकडा उचलला आणि इंग्लंडमधल्या डर्बी गावी, घरच्या घरी, कॅसेटवर चालणाऱ्या आठ ट्रॅकच्या रेकॉर्डरवर 'युअर वुमन' हे गाणं केलं. व्हाइट टाउन या नावानं ते निघालं आणि १९९७ च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर गेलं. या मिश्रा साहेबांचा जन्म आपल्या राऊरकेल्याचा.

तोच ट्रम्पेट पुढे दुआ लिपानं 'लव्ह अगेन'मध्ये घेतला. लंडन, राऊरकेल्याच्या माणसाचं डर्बीतलं घर, परत लंडन, आणि आता आर्वी तालुक्यातलं खळं. उधारीचं बियाणं म्हणा हवं तर, पण तीनदा उगवलं.

संत्रा_बर्फी

राऊरकेला माहीत नव्हतं ना बे. बरं, हा मुद्दा तुमचा. पण शेवटची दोन गाणी भिकार आहेत, यावर मी मागे हटणार नाही.

पऱ्हाटीवाला

दहावं मी वाजवतच नाही. 'गुड इन बेड'. एका साखरपुड्यात जेवणाच्या वेळी हळू आवाजात अख्खा अल्बम सोडला होता, म्हटलं इथं इंग्रजी कोणाला कळतं. बुंदी वाढता वाढता एक पाहुण्या बाई थबकल्या आणि सरळ माझ्याकडे पाहायला लागल्या. नंतर कळलं, त्या कॉलेजात इंग्रजी शिकवतात. तेव्हापासून पेनड्राइव्हमध्ये दहाच गाणी आहेत.

खारवडी

🤣🤣 बुंदी आनंदात गेली बाप्पा

निवृत्त_मास्तर

विषय चांगला आहे, चर्चाही चांगली. मात्र एक गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. माझं घर रस्त्यावर आहे. सौभाग्यवतींना हृदयाचा त्रास आहे. डिसेंबर ते मे आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरतात. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांत लिहिलेली आहे, रात्री दहानंतर तर उघड्यावर वाजवायचंच नाही. वराती साडेअकराला दारावरून जातात. दुआ लिपा असो की आणखी कोणी, आमच्या तावदानांना काय फरक पडतो?

पऱ्हाटीवाला

मास्तर, तुमच्याशी वाद घालायला तोंड नाही. मीही वाजवलंय साडेअकराला. नवरदेवाचा मामा पैसे हातात धरून उभा असतो, तेव्हा घड्याळ दिसत नाही. कारण सांगत नाही, जे आहे ते सांगतो.

पण फरक पडतो की नाही, तर थोडा पडतो. पोरं 'वाढव' म्हणतात, कारण त्यांना ठोका अंगावर जाणवत नाही. गिचमिड गाण्यात तो जाणवायला आवाज दुप्पट लागतो. ज्या गाण्यात जागा आहे तिथं कमीत भागतं. यंदा मी गाणी निवडूनच नेतोय. दोन बेस घरी ठेवून गेलो तरी चालतं, डिझेलही कमी जळतं.

कॅसेटबाबा

हे पोट्टे दुआ लिपा दुआ लिपा करून राह्यले. आमच्या वेळची गोठ आयका. १९८१. 'डिस्को दीवाने'. नाझिया हसन. मी दर्यापूरले मामाच्या घरी, त्याच्या चुलतभावानं मुंबईहून कॅसेट आनली होती. त्याच्या आधीच्या वर्षी 'कुर्बानी'तलं 'आप जैसा कोई' गायली तेव्हा ते पंधरा वर्षांची. पंधरा! आमची पोट्टी त्या वयात पाढे म्हनून राह्यली होती. दोन्हीच्या मागं बिद्दू, आपला बंगलोरचा मानूस, लंडनले जाऊन संगीतकार झाला. त्यानंच १९७४ मध्ये 'कुंग फू फायटिंग' हे डिस्को गानं केलं होतं. तुमची बाई ज्या डिस्कोची आठवन काढते, त्या डिस्कोत आपला मानूस आधीच जाऊन बसला होता.

कॅसेट इतकी वाजवली की फीत गुतली. पेन्सिलीनं फिरवून फिरवून सरकी काढल्यावानी साफ केली. अजून हाये माह्याकडं. वाजत नाही, पन हाये.

दूरची_बस

कॅसेटबाबा, जबरदस्त. वेगळा धागा काढाच.

अंबाडी

धागा पहिल्यापासून वाचतेय. भाऊ लोक ठोके मोजताहेत, बियाणं मोजताहेत, शेवटच्या गाण्याला भिकार म्हणून मोकळेही झाले. ते गाणं ऐकलंय का कोणी? 'बॉइज विल बी बॉइज'. दिवस मावळायच्या आत घरी पोचायचं ही मुलींची सवय होऊन जाते, आणि रस्त्यात मुलं दिसली की किल्ल्या बोटांच्या फटीत धरायच्या, अशी त्याची सुरुवात आहे. नाचायचं गाणंच नाही ते. संगीत म्हणून जरा शाळेच्या गॅदरिंगसारखं वाटतं, मान्य. पण भिकार नाही.

आता वरातीचं विचारलंत म्हणून सांगते. मी दारव्हा तालुक्यातली. आमच्याकडे वरात डीजेची असते, आणि डीजेसमोरची जागा पोट्ट्यांची. आम्ही मागे, नवरदेवाच्या गाडीपाशी, पदर सांभाळत चालायचं. पुढे गेलं की कोणाचा तरी धक्का लागतो, आणि धक्का 'चुकून' लागलेला असतो. म्हणून वरातीत काय चालतं असं जेव्हा तुम्ही विचारता, तेव्हा अर्ध्या गावाला तुम्ही विचारलेलंच नाही.

बायकांचा नाच असतो हळदीच्या रात्री. मांडवात, आतल्या आत. तिथं डीजे नसतो, कोणाच्या तरी मोबाईलला जोडलेला डबडा स्पीकर असतो, आणि दर तिसऱ्या मिनिटाला जाहिरात. तुमचे दोन बेस घरीच ठेवणार आहात ना भाऊ? त्यातला एक तिथं आणा. मग सांगा काय चालतं.

ऑर्गनवाला

ताई, बरोबर आहे. आमच्या नाटकालाही अर्ध्याहून जास्त बाया असतात, पण पसंती विचारतात ती पुढच्या रांगेतल्या पाटलाला.

संत्रा_बर्फी

शेवटचं गाणं परत ऐकलं. 'भिकार' मागे घेतो. दहावं मात्र भिकारच.

पऱ्हाटीवाला

अंबाडी ताई, पटलं. परवा चुलत बहिणीची हळद आहे, आमच्याच गावात. एक बेस, एक टॉप नेतो. येऊन सांगतो.

खारवडी

वाट पाहून राह्यलो. पॉपकॉर्न नाही, फुटाने घेऊन बसलो.

पऱ्हाटीवाला

उशीर झाला, लग्न उरकलं, तूर सोंगली, आता बसलो. सगळं लिहितो, लांब होईल.

मांडव अंगणात, वर जांभळीच्या फांद्या. बेस मी तुळशीवृंदावनामागे भिंतीला टेकवून ठेवला, कोपऱ्यात ठेवला की खालचा आवाज फुकटात वाढतो. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होईपर्यंत काही वाजवलं नाही. आमच्याकडे गुरुदेव सेवा मंडळ आहे, त्या वेळेला गावात कोणी स्पीकर लावत नाही. प्रार्थनेनंतर खंजिरीची दोन भजनं झाली. ऑर्गनवाले जी, तुमचं वाचून डोक्यात होतं म्हणून कान देऊन ऐकलं. खंजिरीवालाही तेच करतो. शब्द संपला की भरतो, शब्द आला की बोटांवर येतो.

साडेसातला हळद लागली आणि मी सुरू केलं. सरळ अल्बम नाही लावला, एवढी अक्कल आहे. आधी ओळखीची चार मराठी-हिंदी गाणी. मग 'लेव्हिटेटिंग'.

हे चालणार याची खात्री होती, आणि त्याचं श्रेय रील्सना. यावर 'बादशाह' सिनेमातलं 'वो लडकी जो सबसे अलग है' चढवलेलं मॅशअप सगळ्या पोरींनी ऐकलेलं. ३० नोव्हेंबर २०२४ ला मुंबईच्या कार्यक्रमात तर दुआ लिपानं स्वतः ते स्टेजवर वाजवलं. तेव्हा अभिजीत आणि अनू मलिकचं नाव कोणी घेत नाही म्हणून वादही झाला होता. आमच्या मांडवात मूळ गाणं लागलं तर पोरींनी त्याच्यावर हिंदी शब्द स्वतःच म्हटले. मिनिटाला १०३ ठोके. साडी नेसून, हातात हळदीची वाटी घेऊन नाचता येतो असा हा वेग आहे. सहाच्या ठेक्याची सवय असलेल्या मावश्यासुद्धा दुसऱ्या कडव्याला बरोबर पायावर आल्या.

मग मी हावरटपणा केला आणि 'फिजिकल' लावलं. १४७ ठोके. मांडव दोन मिनिटांत रिकामा. एक मावशी जाता जाता म्हणाली, "हे कायचं गानं, मांगं कुत्रं लागल्यावानी." बंद केलं.

'डोन्ट स्टार्ट नाऊ' चाललं, पण पोरींचं. 'हॅल्युसिनेट' कोणाला कळलं नाही. 'प्रिटी प्लीज' मला स्वतःला अल्बममधलं सगळ्यात आवडतं गाणं, जवळजवळ नुसता बेस आणि आवाज. त्याला बायका नाचल्या नाहीत, पण कोणी बसलंही नाही. गप्पा मारत, मान हलवत एकमेकींना हळद लावत होत्या. काम करता करता ऐकायचं गाणं आहे ते, हे मला त्या दिवशी समजलं.

आता 'लव्ह अगेन'.

आमच्या गावात एक म्हातारबा आहेत. नव्वदीला टेकलेत. जुन्या बँडपार्टीत ट्रम्पेट वाजवायचे, डीजे आले तसं ते काम गेलं. खरं तर माझ्यासारख्यांमुळेच गेलं, म्हणून मी त्यांच्यासमोर जरा बिचकतोच. ते मांडवाच्या खांबाला पाठ लावून बाजेवर बसलेले. 'लव्ह अगेन'ची सुरुवात व्हायोलिनांनी होते. ते तसेच बसलेले. मग तो ट्रम्पेट आला. त्यांनी हात वर केला, जसा बँडमास्तर करतो तसा. मी घाबरून आवाज कमी केला. "कमी नको करू," म्हणाले, "मांगं घे."

मी मागे घेतलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि उजव्या हाताची तीन बोटं मांडीवर हलायला लागली. ट्रम्पेटच्या कळा तीनच असतात. गाणं पुढे गेलं, बाईचा आवाज आला, त्यात त्यांना काही घेणं नव्हतं. ट्रम्पेट परत आला की बोटं परत सुरू.

नंतर जवळ बसलो. म्हणाले, "हा वाजवनारा आजचा नाही. हे तबकडीवरून घेतलं हाये. वाड्यावर पाटलाचा फोनो होता, त्यातून असाच आवाज ये, नाकातून बोलल्यावानी." मी तर सांगितलंही नव्हतं काही! मग दूरची_बस यांनी लिहिलेली सगळी गोष्ट त्यांना सांगितली. १९३२ म्हटल्यावर त्यांनी बोटं मोजली. "मंग तो माह्याहून मोठा झाला." थोडं थांबून, "तिसरा सूर त्यानं मुद्दाम उशिरा टाकला पाह्य. आमचा उस्ताद असाच टाके."

मी घरी येऊन हेडफोन लावून दहा वेळा ऐकलं. उशिरा पडतो की नाही ते मला अजून सांगता येत नाही.

ऑर्गनवाला

पऱ्हाटीवाले, मी आत्ता कीबोर्ड काढून बसलो त्यासाठी. पडतो. केसभर.

अंबाडी

भाऊ, बायकांनी पुढे काय मागितलं ते नाही लिहिलंत.

पऱ्हाटीवाला

ताई, खरं सांगू, विसरलो नव्हतो, लाज वाटत होती. दहा वाजता मी वायरी गुंडाळायला लागलो तर मावशी म्हणाली, "तू जा घरी. डब्बा राहू दे." म्हणजे बेस. मला बाहेर काढलं आणि अंगणाचं फाटक आतून लावलं. टॉप मी घेऊन गेलो, बेसही काढून नेला, मास्तरांना दिलेला शब्द होता. पण पेनड्राइव्ह आत राहिला. बारापर्यंत आतून त्या मोबाईलच्या डबड्या स्पीकरवर 'लेव्हिटेटिंग'चा आवाज येत होता, आणि ठोका टाळ्यांचा.

निवृत्त_मास्तर

बेस काढून नेलात, आभारी आहे. टाळ्यांना आमची हरकत नाही.

संत्रा_बर्फी

पेनड्राइव्ह परत मिळाला का?

पऱ्हाटीवाला

नाही. मावशी म्हणते देते, पण आधी त्यात ते दहावं गाणं टाकून दे, पोरी मागून राहिल्यात. 😐

खारवडी

हाऽऽ हाऽऽ. बुंदीवाल्या मॅडमले पन बलाव.